नोकरीच्या अर्जातले रकाने: कोणते भरावेत, कोणते राखून ठेवावेत

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाचीने पुण्यातल्या एका खासगी कंपनीत लेखा सहायकाच्या जागेसाठी ऑनलाइन अर्ज भरायला घेतला. पगार महिना १८,००० रुपये. रात्री नऊला ती मोबाइल घेऊन बसली आणि साडेअकराला तिने तो वैतागून माझ्यापुढे सरकवला. “मामा, यांना माझ्या आईचा पगार कशाला हवाय?” मी रकाने मोजले, तर ते ७१ भरले. वडिलांचा व्यवसाय, आई-वडिलांचे वार्षिक उत्पन्न, भावंडांची नावे व शिक्षण, जात, धर्म, रक्तगट, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक, पॅन, बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी कोड असे सगळे त्यात विचारलेले होते. मात्र हिशेबाचे टॅली हे सॉफ्टवेअर येते का, जीएसटीचे विवरणपत्र कधी भरले आहे का, हे कुठेच विचारलेले नव्हते.

तिच्या वैतागावर मला हसू आले, त्याला कारण होते. चाकणजवळच्या एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात मी बावीस वर्षे काढली आणि जवळजवळ असाच एक अर्ज मी स्वतःच्या हाताने तयार केला होता. हे अर्ज इतके का फुगतात, हे मला त्यामुळे आतून माहीत आहे, आणि ते कळले की कोणता रकाना भरायचा व कोणता नाही हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.

उमेदवार निवडला गेला की त्याच्याकडून बरीच माहिती खरोखरच घ्यावी लागते. पगारातून आयकर कापायचा तर पॅन लागतो. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला आधार जोडलेले असावे लागते. ज्यांचे वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते आणि तिचे लाभ कुटुंबालाही मिळत असल्यामुळे घरातल्या अवलंबितांची नावे व जन्मतारखा द्याव्या लागतात. निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांसाठी वारस नेमावा लागतो, म्हणून पुन्हा कुटुंब आले. रक्तगट ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापायचा असतो. हे सर्व रुजू होण्याच्या दिवसाचे काम आहे. पण आमच्यासारख्या लोकांनी काय केले, तर “दोनदा कशाला विचारायचे, एकदाच घेऊन टाकू” असे म्हणत रुजू होण्याचा फॉर्म आणि उमेदवारीचा अर्ज एकत्र शिवून टाकले. चार जागांसाठी तीनशे अर्ज आले, तर चौघांच्या सोयीसाठी तीनशे जणांच्या घरची माहिती आमच्या कपाटात येऊन पडायची. उरलेल्या २९६ फायलींचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नसे. चाकणच्या चौकात एकदा मला भेळ मिळाली ती कुणाच्या तरी बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्समध्ये. नाव, आईचे नाव, बैठक क्रमांक, सगळे चटणीखाली स्वच्छ वाचता येत होते.

तेव्हा अर्ज समोर आला की भरायला लगेच सुरुवात करू नये. आधी तो शेवटपर्यंत नुसता वाचावा. काही संकेतस्थळे पहिले पान भरल्याशिवाय दुसरे उघडत नाहीत. तिथे पुढे सरकावे, पण ‘सबमिट’चे बटण दिसेपर्यंत कोणतेही कागदपत्र चढवू नये. प्रत्येक रकान्यापाशी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मला मुलाखतीला बोलवायचे की नाही, हे ठरवायला हे उत्तर लागते का? नाव, संपर्क, शिक्षण, अनुभव, कौशल्ये, कधीपासून रुजू होता येईल, कोणत्या गावी काम करायची तयारी आहे, एवढ्यांना लागते. जे मुलाखतीनंतर लागेल ते मुलाखतीनंतर आणि जे रुजू होताना लागेल ते रुजू होताना द्यावे. उरलेल्या माहितीशी मालकाचा कधीच संबंध येत नाही.

ही वर्गवारी करण्याआधी एक कंटाळवाणे पण फार उपयोगी काम उरकून ठेवावे. एका वहीत किंवा मोबाइलमधल्या टिपणात आपली पक्की माहिती एकदाच लिहून ठेवावी: दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच्या तसे नाव, परीक्षांचे महिने व वर्षे, गुण, आधीच्या नोकऱ्यांच्या सुरुवातीच्या व शेवटच्या तारखा. दहावीच्या गुणांत हमखास घोळ होतो, कारण सहा विषयांचे ६०० पैकी गुण लिहायचे की ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चे ५०० पैकी, हे अर्जात सांगितलेले नसते; मार्कशीटवर जी एकूण बेरीज आणि टक्केवारी छापलेली आहे तीच सगळीकडे वापरावी आणि ती कधीही बदलू नये. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी कोणत्या कागदावर कोणते नाव आहे तेही याच वहीत टिपावे. बायोडेटा चढवल्यावर त्यातलीच माहिती पुन्हा ७१ रकान्यांत टंकायला लावणाऱ्या संकेतस्थळांचा राग मलाही येतो, पण वही तयार असली की अडीच तासांचे काम पाऊण तासात होते.

आता ओळख क्रमांकांकडे वळू, कारण खरा धोका तिथेच आहे. आधारविषयी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी जो निकाल दिला, त्यात खासगी संस्थांना आधार वापरण्याची मोकळीक देणारा कायद्याच्या कलम ५७ मधला भाग रद्द झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आधार हा ओळखीचा पुरावा म्हणून स्वेच्छेने दाखवता येतो. मात्र स्वेच्छेने, हा शब्द विसरू नये. केवळ उमेदवार असताना मतदार ओळखपत्र, वाहन चालवण्याचा परवाना किंवा पारपत्र दाखवले तरी ओळख पटते. आधारच द्यायचे झाले, तर यूआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात.

रकान्यापुढे लाल तारा असेल आणि बारा अंक टाकल्याशिवाय पुढचे पानच उघडत नसेल, तर काय करावे? मी भाचीला बारा शून्ये टाकायला लावली. खरा आधार क्रमांक शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे हा रकाना मुद्दाम मोकळा ठेवलेला आहे हे बघणाऱ्याला कळते. त्याच अर्जातल्या ‘इतर माहिती’च्या चौकटीत मात्र तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर पुढे कोणी त्यालाच खोटी माहिती म्हणेल. मनाने कोणताही बारा आकडी क्रमांक टाकू नये. तो कुणाचा तरी असू शकतो. रकाना रिकामा ठेवणे आणि रकान्यात खोटे लिहिणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण अर्जाच्या तळाशी “वरील सर्व माहिती खरी आहे” या वाक्याखाली आपण सही केलेली असते आणि पुढे कधी वाद झाला तर कपाटातून पहिला कागद तोच निघतो.

पॅन, बँक खाते, रद्द केलेला धनादेश आणि निर्वाह निधीचा बारा आकडी यूएएन यांची गरज नेमणूकपत्र हाती आल्यावरच पडते. यूएएनच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. पूर्वीच्या नोकऱ्यांची पडताळणी करणारे लोक कधीकधी फोन करून “एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा” म्हणतात. तो ओटीपी दिला की खात्याचे दार उघडते. सेवेचा तपशील हवाच असेल, तर आपण स्वतः खात्यात जाऊन तो उतरवून घ्यावा आणि त्याची पीडीएफ पाठवावी. झेरॉक्स द्यायचीच असेल, तर तिच्यावर आडवे, अक्षरांवरून जाईल असे, “केवळ अमुक पदाच्या अर्जासाठी” असे लिहून तारीख टाकावी. आमच्याकडे असे लिहून देणारे उमेदवार वर्षाला दोन-तीनच असत आणि त्यांच्या कागदांना सगळेच जरा जपून हात लावत.

कुटुंबाच्या रकान्यांविषयी माझे मत कडक आहे. वडील काय करतात, त्यांना किती मिळते, बहिणीचे लग्न झाले का, या प्रश्नांवरून उमेदवाराची ‘पार्श्वभूमी’ जोखायची जुनी खोड आहे आणि ती मी जवळून पाहिली आहे. खासगी नोकरीच्या अर्जात जात आणि धर्म यांचे रकाने मोकळे सोडावेत. कुटुंबाच्या रकान्यात “निवड झाल्यास वारस नोंदणीच्या वेळी देईन” असे लिहावे. हे वाक्य उद्धट वाटत नाही, उलट आपल्याला नियम माहीत आहेत हे त्यातून समजते.

स्त्रियांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांबाबत तर न्यायालयाचा स्पष्ट निकालच आहे. आयुर्विमा महामंडळाच्या घोषणापत्रात एकेकाळी स्त्री उमेदवारांना मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा गर्भ राहिला, असे प्रश्न विचारले जात. पाळीची तारीख चुकीची दिली म्हणून एका कर्मचारी स्त्रीला परिवीक्षा काळात कामावरून काढले गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत कामावर घ्यायला लावले आणि हे रकाने अर्जातून काढून टाकायला सांगितले. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी “लग्नाचा विचार कधी आहे?” हा प्रश्न छापील अर्जातून उठून मुलाखतीच्या खोलीत जाऊन बसलेला आहे. अर्जात तो आला, तर रकाना सोडून द्यावा. तोंडी आला, तर “कामाच्या वेळा आणि फिरती यांबाबत मला अडचण नाही” एवढेच, आणि ते खरे असेल तरच सांगावे. आजारांच्या यादीपुढे खुणा करायला लावणाऱ्या रकान्यांचेही तेच. पदासाठी ठरावीक शारीरिक क्षमता लागत असेल, तर निवडीनंतर वैद्यकीय तपासणी होतेच. एचआयव्हीची चाचणी ही नोकरीची पूर्वअट करता येत नाही, हे तर २०१७ च्या कायद्यातच लिहिलेले आहे.

पगाराचा रकाना सर्वांत चिकट. “सध्याचा सीटीसी”, म्हणजे आताची कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, हा आकडा कंपनीला कशासाठी हवा असतो, हे सांगतो: देऊ करायची रक्कम पदाच्या कामावरून न काढता तुमच्या जुन्या पगारावर वीस-तीस टक्के चढवून काढणे सोपे जाते म्हणून. आपल्याकडे हा प्रश्न विचारायला कायद्याने बंदी नाही. शक्य तिथे सध्याच्या पगाराऐवजी अपेक्षित वेतनाचा पल्ला लिहावा, उदाहरणार्थ “महिना २४,००० ते २८,०००, कामाच्या स्वरूपानुसार”. रकाना फक्त आकडेच घेत असेल आणि सक्तीचा असेल, तर मात्र शून्य टाकण्याचा सल्ला मी देत नाही. पुष्कळ ठिकाणी अर्जांची पहिली चाळणी याच आकड्यावर यंत्राने होते आणि शून्यवाला अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. तिथे खरा आकडा द्यावा. तो फुगवून तर मुळीच देऊ नये, कारण पुढे सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि बँकेचे विवरण यांपैकी काहीतरी मागितले जातेच आणि हातात आलेले नेमणूकपत्र तिथे परत जाते. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मुलाखतीपूर्वी मागितल्या, तर “लेखी प्रस्ताव मिळाल्यावर देईन” म्हणावे. बँकेचे विवरण द्यावेच लागले, तर फक्त पगार जमा झाल्याच्या नोंदी दिसतील अशी पाने द्यावीत. दवाखान्याला किती दिले आणि किराण्याला किती, हे कुणी बघायचे कारण नाही.

‘संदर्भासाठी दोन व्यक्ती’ या रकान्यात आपण दुसऱ्याची माहिती देत असतो, हे लक्षात राहत नाही. ज्यांचा फोन नंबर द्यायचा, त्यांना आधी विचारावे. सध्याच्या साहेबांचे नाव कधीच देऊ नये. आपण नोकरी शोधत असल्याचे त्यांना दुसऱ्याकडून कळणे बरे नव्हे.

आतापर्यंतचे सगळे खासगी नोकऱ्यांविषयी झाले. सरकारी अर्जाला यातले फारसे काही लागू पडत नाही आणि इथे गफलत करून मुले वर्ष घालवतात. आरक्षित जागेसाठी अर्ज करताना जात, प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत, हे सारे अक्षरशः जुळले पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी मुलांची संख्याही सांगावी लागते, कारण लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाच्या २००५ च्या नियमांनुसार २८ मार्च २००६ नंतर झालेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाली, तर उमेदवार अपात्र ठरतो. बँकांच्या सामायिक भरतीत आयबीपीएस ही परीक्षा घेणारी संस्था डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हस्ताक्षरातले घोषणापत्र मागते. सही मोठ्या इंग्रजी अक्षरांत केली तर चालत नाही, तिची फाइल १० ते २० केबी आणि छायाचित्राची २० ते ५० केबी असावी लागते. हे जाचक वाटले, तरी परीक्षेला दुसराच कोणी बसू नये म्हणून केलेले आहे.

सरकारी साक्षांकन नमुन्यातला गुन्ह्यांविषयीचा रकाना तर दोनदा वाचून भरावा. अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि निर्दोष सुटलेल्यालाही पहिल्याचे उत्तर “होय” असेच द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याविषयी सविस्तर निकाल दिला. क्षुल्लक प्रकरण असेल तर नियोक्ता ते लपवणेही माफ करू शकतो, पण माफ केलेच पाहिजे असे नाही. आणि जे स्पष्टपणे विचारलेले आहे तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे, संदिग्ध प्रश्नाच्या आधारे त्याला दोषी धरता येत नाही. म्हणून प्रश्नात जेवढे शब्द आहेत तेवढ्यांचे उत्तर द्यावे, खरे द्यावे आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी.

याहून वेगळी जात आहे ती नोकरीच्या नावाखाली माहिती गोळा करणाऱ्यांची. डेबिट कार्डाचा क्रमांक, यूपीआयचा पिन, ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘परत मिळणारी अनामत’ यांपैकी एक जरी रकाना दिसला, तर अर्ज तिथेच बंद करावा. माहिती किंवा पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

राखून ठेवलेल्या रकान्यांबद्दल कंपनीला आपणहून कळवणे हे सर्वांत चांगले. भाचीने त्या रात्री मनुष्यबळ विभागाला पाठवलेला मजकूर असा होता: “लेखा सहायक या पदासाठी मी आज अर्ज केला आहे. आधार क्रमांक, बँक खाते आणि कुटुंबीयांचे उत्पन्न हे रकाने मी तूर्त भरलेले नाहीत. आधारच्या जागी टाकलेली शून्ये ही केवळ पुढील पान उघडण्यासाठी आहेत. निवड झाल्यास नियमानुसार आवश्यक असलेली सर्व कागदपत्रे रुजू होताना मूळ प्रतींसह सादर करीन. निवड न झाल्यास माझा अर्ज व त्यासोबतची प्रमाणपत्रे किती दिवस ठेवली जातील, हे कृपया कळवावे.” यात कायद्याचा उल्लेख नाही, तो मी मुद्दामच गाळायला लावला. पहिल्याच पत्रात कलमे आली की वाचणारा सावध होतो आणि अर्ज बाजूला ठेवतो.

कायदा आहे मात्र. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. संमती मोकळी, विशिष्ट आणि सांगितलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, असे त्यात म्हटले आहे. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे: दूरवैद्यकीय सेवेच्या ॲपने फोनमधली संपर्क यादीही मागितली आणि वापरणाऱ्याने होकार दिला, तरी त्या यादीची सेवेला गरज नसल्यामुळे तो होकार तिच्यापुरता धरला जात नाही. आईच्या पगाराचा रकाना याहून निराळा नाही. माहितीविषयीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय त्यात आहे आणि काम संपल्यावर माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्कही आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली असल्याने ती मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. तोवर पुसून टाकण्याची विनंती ही विनंतीच राहते. ती लेखी करावी, तारीख घालावी आणि पाठवलेला ईमेल काढून टाकू नये.

भाचीला मुलाखतीला बोलावले गेले. तिथे तिला बँक ताळमेळाचे एक उदाहरण सोडवायला दिले. रिकाम्या रकान्यांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. जागा मात्र दोन वर्षांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. आठवड्याने तिने आपला बायोडेटा आणि मार्कशीट काढून टाकण्याविषयी दोन ओळींचा ईमेल केला आणि बारा दिवसांनी “आपली माहिती काढून टाकली आहे” असे एका ओळीचे उत्तर आले. ते खरे की खोटे, हे तपासायचे साधन आमच्याकडे नाही. तिने ते उत्तर ‘अर्ज’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले आणि पुढचा अर्ज उघडला. त्यात एकोणीसच रकाने होते आणि चौथा टॅलीविषयी होता.